एकवीस दिवसांची हजेरी

मी गणित शिकवते. सांगलीतल्या एका ज्युनियर कॉलेजात सतरा वर्षं झाली. अकरावी सायन्सच्या एका तुकडीची मी वर्गशिक्षिका, त्यामुळे सकाळची हजेरी माझ्याकडे. बऱ्याच ठिकाणी आता ती मोबाईलवर घेतात. मी अजून नाव पुकारून घेते. साठ मुलं, चार मिनिटं. ‘हजर’ ऐकू आलं की पी, नाही आलं की ए. मान वर करावी लागत नाही.

डिसेंबरातली गोष्ट. साखर कारखाने सुरू होते आणि वारा फिरला की वर्गातसुद्धा मळीचा आंबूस वास यायचा. मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये चाचणीचे पेपर तपासत होते. दारात एक पन्नाशीचा माणूस येऊन उभा राहिला. शर्टावर, भुवयांवर सुताची पांढरी कुसं. हातात घडी घातलेला कागद.

“मॅडम, मी अल्लाबक्ष. फिरदोसचा वडील. माधवनगरास्नं आलोय.”

“बसा ना. काय म्हणतेय फिरदोस?”

त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला. डॉक्टरांचं सर्टिफिकेट होतं. “आधीच यायला पायजे हुतं. पर मागावरनं सुट्टी गावंना. दिवाळीनंतर कॉलेज उघडलं, तवापास्नं पोरगी अंथरुणातनं उठली न्हाई. तुमचा फोन बी आला न्हाई. म्हणलं, मॅडम सांभाळून घेत असतील.”

मला वाटलं, यांची काहीतरी चूक होतेय. फिरदोस आज सकाळी वर्गात होती. क्रमांक तेवीस. मी मस्टर उघडलं. दिवाळीनंतरचे एकवीस दिवस, एकवीस पी. माझ्या पेनानं, माझ्या अक्षरात.

“ती रोज येते,” मी म्हणाले. “हा बघा, कालचा पेपर.”

गठ्ठ्यातून तिचा पेपर काढून मी त्यांना दिला. पैकीच्या पैकी मार्क होते. ते बराच वेळ पानं उलटत राहिले.

“अक्षर तिचंच हाय,” शेवटी ते हळू आवाजात म्हणाले. “पर मॅडम, माझी पोरगी खोडल्याबिगर लिवतच न्हाई. ल्हानपणापास्नं. ह्यात एक बी खाडाखोड न्हाई.”

आम्ही दोघं वर्गावर गेलो. खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावर रेश्मा एकटीच डबा खात होती. फिरदोस तिच्याच शेजारी बसायची.

“आत्ता तर इथंच होती, मॅडम,” रेश्मा म्हणाली. मग अल्लाबक्षकडे बघून तिचा घास हातातच राहिला.

मी बाकाला हात लावला. गार होता.

रिक्षात बसून माधवनगरला जाताना मी आठवत गेले. दिवाळीआधी ही मुलगी शेवटच्या बाकावर सरकली होती. गणितं अर्धी सोडायची. एकदा फळ्याजवळ उभी राहून नुसतीच रडली होती. तिच्याशी बोलायचं मी ठरवलं आणि विसरले. दिवाळीनंतर ती पुढं येऊन बसली, हसायला लागली, सगळ्यांच्या आधी हात वर करायला लागली. मी स्टाफरूममध्ये सांगितलंही होतं, “फिरदोस सुधारली बरं का.” मला हायसं वाटलं होतं. एक काळजी मिटली होती.

ती कधी वर्गात येताना मात्र मला आठवेना. जातानाही.

दोन खोल्यांचं घर. भिंतीपलीकडे मागांची शेड, त्यामुळे भिंत सतत बारीक थरथरत होती. फिरदोस त्याच भिंतीकडे तोंड करून पडली होती. केसांच्या जटा झाल्या होत्या, मनगटं काडीसारखी. उशाशी गोळ्यांची पाकिटं आणि न प्यालेला चहा.

“आमाला वाटलं, आळस हाय,” तिची आई, सुरय्या, पदरानं तोंड पुशीत म्हणाली. “मी बोलले बी लय. नजर काडली. मग मिरजंला डॉक्टरकडं नेलं. त्ये म्हनले, नैराश्याचा आजार हाय ह्यो. पोरीचा दोष न्हाई. गोळ्यांचा गुण याला यळ लागतो, तवर येकटी सोडू नगा.”

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. ती भिंतीकडे बघतच म्हणाली,

“ती येते का अजून?”

“कोण?”

“मला उठताच येत नव्हतं, मॅडम. पहिल्या दिवशी पडल्या पडल्या वाटलं, मी गेले नाही तर कुणाचं काय अडणार आहे? संध्याकाळी रेश्माला मेसेज केला, आज काय झालं वर्गात? ती म्हणाली, चेष्टा करतेस का, शेजारी तर बसली होतीस.” ती थांबली. “मग मी कुणालाच मेसेज केला नाही.”

“घरी सांगायचंस.”

“काय सांगू? ती चांगली आहे ना? हसते, पेपर लिहिते. सगळ्यांना तीच आवडते. मग तीच असू दे की.”

माग खटाखट चालले होते. मला जे विचारायचं होतं ते तोंडात येईना. तरी विचारलं. “फिरदोस, जीव नकोसा वाटतो का तुला?”

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे तोंड फिरवलं. डोळे कोरडे होते. हळूच होकाराची मान हलवली. सुरय्या दारात होती, ती धावत येऊन लेकीच्या पायाशी बसली. पाय धरून ठेवले, जणू ते कुणी ओढून नेणार होतं.

“डॉक्टरांना हे आजच सांगू,” मी म्हणाले. “मी येते बरोबर. आणि ऐक. मला कळायला एकवीस दिवस लागले. ती माझी चूक. पण मला ती नको. माझ्या वर्गात तू हवीस. अर्धी गणितं सोडणारी, खोडणारी. उद्या नको, जमेल तेव्हा.”

त्या संध्याकाळी ती आमच्याबरोबर मिरजेला आली, आईच्या खांद्यावर भार टाकून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्गात गेले. पोरं स्वेटर घालून आखडून बसली होती. मी नावं पुकारायला लागले आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा प्रत्येक नावाला मान वर केली.

“तेवीस. फिरदोस.”

“हजर, मॅडम!”

खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावर ती बसली होती. स्वेटर नव्हता. ओढणी परीटघडीची. तोंडभर हसू.

मी मस्टरमध्ये ए लिहिला.

“मॅडम, मी आहे की.”

“फिरदोस घरी आहे,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. “तिला बरं नाही. ती बरी होऊन येणार आहे.”

ती हसतच राहिली. रेश्मा तिच्या शेजारून उठली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.

मी पुढचं नाव घेतलं.

रोज हेच झालं. ती रोज म्हणायची, हजर. मी रोज ए लिहायचे. मुलं माझ्याकडे बघायची, तिच्याकडे कुणी बघायचं नाही.

रविवारी रेश्मा माधवनगरला जायला लागली. फिरदोसचे केस विंचरायची. बोलायची नाही फारसं.

ज्या दिवशी फिरदोसनं अर्धी भाकरी खाल्ल्याचा सुरय्याचा फोनवर निरोप आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गातला आवाज मला नीट ऐकू आला नाही.

पुढच्या आठवड्यात नुसते ओठ हलले.

मग एका सोमवारी मी तेवीस म्हणाले आणि कुणीच काही बोललं नाही; खिडकीजवळचा दुसरा बाक रिकामा होता.

फिरदोस जानेवारीच्या शेवटी आली. अर्धा तास उशिरा, वडिलांचा हात धरून. दारात थबकली. चेहरा सुजल्यासारखा, ओढणी चुरगळलेली. दुसऱ्या बाकाकडे तिनं बघितलंही नाही. शेवटच्या बाकावर जाऊन बसली, आणि रेश्मा दप्तर उचलून तिच्याजवळ गेली. वर्गानं काही विचारलं नाही. त्या वर्षी ती पास झाली, दोन विषयांत जेमतेम. अजून गोळ्या चालू आहेत. कधी आठवडा बरा जातो, कधी वाईट. वाईट गेला की ती स्वतः येऊन सांगते.

इतके दिवस वर्गात कोण बसत होतं, ते मला माहीत नाही. शोधायचा प्रयत्न मी केला नाही.

यंदा जुलैत नवी तुकडी आली. त्यात जयराज नावाचा मुलगा आहे, तासगावकडच्या खेड्यातला. वडील फौजेत, लांब पोस्टिंगवर. घरी आई आणि उसाची शेती. मोठा हसरा मुलगा, कुणाशीही बोलणारा. काल हजेरी घेताना मान वर केली. बाहेर पाऊस धो धो लागला होता. साऱ्या वर्गाची दप्तरं, बूट ओले. जयराजचे कोरडे होते.

मुलांना उदाहरण सोडवायला देऊन मी व्हरांड्यात आले आणि त्याच्या घरी फोन लावला.

“जयराज कुठं आहे?” मी त्याच्या आईला विचारलं.

“घरातच हाय की, मॅडम. चार दिस झालं, त्वांडावर चादर घिऊन पडलाय. बोलत न्हाई, जेवत न्हाई. मला वाटलं, ताप असंल. तुमाला कुनी सांगितलं?”

“ताई, आत्ता त्याच्याजवळ जा. ओरडू नका. नुसतं जवळ बसा. मी कॉलेज सुटलं की येतेच.”

चपलांचा आवाज आला. दार करकरलं. खिडकीतून मला वर्ग दिसत होता. तिसऱ्या बाकावर जयराज शेजारच्याला काहीतरी सांगून हसवत होता.

“बसले बगा,” त्याची आई कुजबुजली. “डोस्क्यावर हात ठेवलाय.”

वर्गातल्या जयराजचं हसणं मधेच थांबलं. त्यानं हळूहळू हात वर नेला, केसांवरून फिरवला, आणि आपल्या मागं कोण उभं आहे ते बघायला वळला.