सहाव्या मजल्यावरची घोंगडी

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, मुंबईहून लक्षद्वीपकडे निघालेल्या जहाजाच्या सहाव्या मजल्यावर, कपडे धुण्याच्या खोलीतलं एकमेव चालू मशीन बंद पडलं. काचेच्या दारामागं काळं पाणी होतं, पाण्यात तितकंच काळं काहीतरी फुगून बसलं होतं, आणि दार काही केल्या उघडत नव्हतं.

खोलीच्या उंबऱ्यात मोनिका उभी होती. दोन्ही हातांत ठासून भरलेल्या दोन पिशव्या.

"काय कोंबलंय तुम्ही आत?"

मशीनसमोर उकिडवा बसलेला तरुण वळलाही नाही. "घोंगडी."

"घोंगडी! मशीनमध्ये?"

"आईची हाय. दोन वर्षं धुवायची राहिली. नदीला पाणीच नव्हतं, काय करता..." आता तो वळला. त्यानं आधी तिच्याकडं पाहिलं, मग पिशव्यांकडं. "आन् हे? कालच तर जहाजात बसलो आपण. एका दिवसात एवढे कपडे मळवले?"

मोनिकाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कारण कपडे जहाजावर मळलेच नव्हते. ते संभाजीनगरहून मळूनच आले होते.

त्यांच्या नव्या कॉलनीत यंदाच्या मेमध्ये नळ दहाव्या दिवशी यायचा. निघायच्या दिवशीच पाण्याची पाळी होती, आणि ऐन वेळी ती दोन दिवस पुढं गेल्याचा मेसेज आला. मोनिकाच्या आईनं, मनकर्णाबाईंनी, कुणाला न विचारता चादरी, अभ्रे, परकर आणि नवऱ्याचे नऊ शर्ट बॅगांत भरले. "जहाजावर चोवीस तास पाणी हाय म्हणतेत. इथं कशाला सडवायचे?" वडिलांचं, म्हणजे काकासाहेबांचं, चितेगावला पाइपचं दुकान. वर्षाची विक्री चांगली झाली म्हणून पाइप कंपनीनं ही सहल दिलेली. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी मोनिका सहलीच्या पहिल्याच सकाळी धुणं घेऊन उभी होती ती अशी.

"आमचा घरगुती प्रश्न आहे तो," ती म्हणाली. "तुम्ही मशीन मोकळं करा."

"तेच करतोय, मॅडम. मी अंगद. देवगाव रंगारीचा. शहरात पाइपलाइन टाकायची कामं घेतो."

"म्हणजे तुम्हीही कंपनीच्याच सहलीत?"

"व्हय. काल जहाजात चढताना तुमच्या वडलांना बघितलं. ते पाइप विकतेत, मी जमिनीत गाडतो. आन् दोघांच्याबी घरी नळ कोरडा!"

तिला हसू आलं होतं, पण ते तिनं येऊ दिलं नाही.

अंगदनं मशीनच्या तळाशी असलेली छोटी झडप शोधून काढली आणि फिरवली. पाणी भसकन बाहेर आलं. त्याच क्षणी तिनं कोपऱ्यातली कचऱ्याची बादली पायानं पुढं सरकवली, त्यानं हात लांब करून पुसणीची बादली ओढली. एक भरली की दुसरी, एक थेंब फरशीवर सांडला नाही. दोघांचा ताल असा जमला, जणू वर्षानुवर्षं एकाच नळावर पाणी भरत आले असावेत.

पाणी थांबलं. दोन काठोकाठ बादल्या आणि मध्ये ते दोघं.

"आता?" त्यानं विचारलं.

"हे आपलं... झाडांना..." ती बोलून गेली आणि थबकली.

गोल खिडकीबाहेर क्षितिजापर्यंत समुद्र होता.

"टाका मोरीत," ती म्हणाली.

"तुम्ही टाका."

"घोंगडी तुमची आहे."

"माझ्यानं नाय व्हायचं हो... चांगलं बादलीभर पाणी." त्याचा चेहरा इतका कळवळला होता की मोनिका अखेर हसलीच. पोट धरून हसली. शेवटी दोघांनी एकेक बादली उचलली आणि पाप करत असल्यासारखी दुसरीकडं बघत ओतली.

मशीन सुरू झालं. तिच्या धुण्याच्या तीन फेऱ्या झाल्या, तरी तो जागचा हलला नाही.

"तुमचं झालंय ना? जा की."

"घोंगडी निथळू द्या."

"तिला निथळायला तुम्ही लागता?"

"तिला एकटं वाटतं."

मोनिकानं ओला शर्ट असा झटकला की चार थेंब त्याच्या नाकावर उडाले. त्यानं ते पुसले नाहीत.

बुधवारी अंगदच्या आईनं, बानाबाईनं, ती घोंगडी वरच्या डेकवर पोहण्याच्या तलावाकाठी दोन खुर्च्यांवर पसरली. ओल्या लोकरीचा वास सुटला. पोहण्याच्या कपड्यांतले पाहुणे उठून गेले. ती काढण्याची घोषणा तीनदा इंग्रजीतून झाली. ती आपल्यासाठी आहे हे बानाबाईला कळण्याचं कारण नव्हतं. मोनिका धावत वर गेली.

"मावशी, उचला लवकर. ओरडायला लागलेत."

"ओरडू दे. उन्हाला काय भाडं पडतं व्हय? हे टोक धर बरं पोरी, पिळू जरा."

तिनं टोक धरलं. दुसरं टोक धरायला अंगद आला, आणि त्याच्या हाती घोंगडी देऊन बानाबाई खुर्चीत टेकली. पिळता पिळता त्याची बोटं मोनिकाच्या बोटांपाशी आली... आणि तिथंच थांबली.

"शुक्रवारी मुंबईत उतरलो की पुण्याला होकार कळवणार आहेत," मोनिका खाली मान घालून म्हणाली. "माझ्या लग्नाचा. आईनं मुलाची उंचीही विचारली नाही. पाणी किती वेळ येतं, एवढंच विचारलं. चोवीस तास, म्हणाले. झालं, तिच्यापुरतं लग्न ठरलं."

"मुलगा वाईट हाय?"

"नाही ना! तोच तर वैताग आहे."

तो बराच वेळ घोंगडी पिळत राहिला. तिच्यातून आता काहीच निघत नव्हतं.

"माझ्याकडं टँकर येतो," तो म्हणाला. "आठवड्याला एक. कधी नाय बी येत. फसवून सांगणार नाय."

"मी विचारलं का?"

"विचारलं तर... म्हणून सांगून ठेवलं."

"अंगद, तुमचा मला फार वैताग येतो."

"लई?"

"रोज यावा, एवढा."

बानाबाई डोळे मिटून होती. झोपली नव्हती.

शुक्रवारी सकाळी सव्वानऊला, नाश्त्याच्या टेबलावर, मोनिकानं आईवडिलांना अंगदबद्दल सांगून टाकलं. मनकर्णाबाईंच्या हातातला चमचा ताटात पडला. "टँकर? अगं, पदरात नळ पडत होता आन् तू टँकर धरलास?"

काकासाहेबांनी शांतपणे विचारलं, "कुणाचा पोरगा?"

"सूर्यभानरावांचा. देवगाव रंगारीचे. मेंढरं राखायचे आधी."

"आपल्यात बसत नाय हे, मोना."

"मला माहीत आहे, बाबा. तरी सांगतेय."

काकासाहेबांनी कप बाजूला सारला. होकार नाही, नकार नाही. "म्हातारा कुठं बसतो?" एवढं विचारून ते उठले.

वरच्या डेकवर, कठड्याजवळ, पांढऱ्या पटक्यातले सूर्यभान एकटेच समुद्राकडं बघत बसले होते. काकासाहेबांनी खुर्ची ओढली. काचेच्या दाराआडून मोनिका, तिच्यामागं अंगद आणि दोघांवर नजर ठेवून मनकर्णाबाई हे बघत होत्या. शब्द ऐकू येत नव्हते.

"काय बोलत असतील?" मनकर्णाबाई न राहवून अंगदलाच म्हणाल्या.

"आमचे बाबा कमी बोलतेत, काकू."

"आमचे लई बोलतेत," त्या वैतागून म्हणाल्या. "म्हणूनच जीव टांगणीला लागलाय."

दहा वाजून वीस मिनिटांनी मुंबईचा किनारा दिसू लागला आणि सगळ्यांच्या मोबाइलना रेंज आली. दोघांच्या मधल्या छोट्या टेबलावरचा काकासाहेबांचा फोन थरथरला. फोन पुण्याहून होता. त्यांनी पडद्याकडं पाहिलं, फोन पालथा घातला आणि सूर्यभानना काहीतरी विचारलं. सूर्यभान उत्तराला वेळ घेत होते.

फोन दुसऱ्यांदा वाजला. काकासाहेबांनी तो अजून उचललेला नाही.