ओहोटीची पेनी

माझं टेबल डुगडुगत होतं. इंग्लंडमधल्या मोरकम गावी चर्चच्या हॉलमध्ये दर शनिवारी जुन्या नाण्यांचा बाजार भरतो. तिथलं खिडकीजवळचं टेबल माझं. रसायनशास्त्राची पदवी हातात, नोकरीचा पत्ता नाही, म्हणून मी डॅडींची नाणी विकत होते.

तो चहाचा कप घेऊन चालला होता. थांबला, खिशातून एक मोठी तपकिरी पेनी काढली आणि वाकून टेबलाच्या पायाखाली सारली.

"घ्या. आता नाही हलणार."

मी भिंग घेऊन टेबलाखाली शिरले.

"अहो, ही १९१२ची आहे! सालाच्या डावीकडे बारीकसा एच... बर्मिंगहॅमची टांकसाळ. पाच पौंड तरी येतील!"

"मग राहू दे तिथेच. तुमचं टेबल पाच पौंडांनी महाग झालं."

त्याचं नाव सायलस. चर्चमधली जुनी घड्याळं दुरुस्त करायचा, आणि त्यासाठीच पेन्या बाळगायचा. लंबकावर एक ठेवली, की घड्याळ किंचित पुढे धावतं.

"आणि काढून घेतली की?"

"रेंगाळतं. आज इथून निघताना माझं पाऊल रेंगाळेल, तसं."

मी घाईघाईने भिंग पुसलं.

मग तो दर शनिवारी एक पेनी आणू लागला. मी साल वाचायचे, झीज बघायचे, किंमत सांगायचे.

"सगळ्या एकदम का नाही आणत?" मी एकदा विचारलं.

"मग पुढच्या शनिवारी काय निमित्त सांगू?"

चहा देणाऱ्या मिसेस ऑलरेनशॉ माझ्या कानाशी पुटपुटल्या, "नाण्यांकडे बघतेस ना पोरी, तसं एकदा त्याच्या तोंडाकडे बघ."

मी बघत होतेच... फक्त तो बघत नसताना.

एका शनिवारी मी त्याला १९०२ची पेनी दाखवली. "ही ब्रिटानिया, ब्रिटनची देवी, बसलीय, आणि मागे समुद्र. बहुतेक पेन्यांवर पाणी वर असतं. थोड्याच अशा, की पाण्याची रेघ खाली, तिच्या पायांच्या तिढ्याशी. त्यांना ओहोटीची पेनी म्हणतात. माझ्या संचात तेवढीच जागा रिकामी आहे."

"तेवढीच?"

"तेवढीच," मी म्हटलं. किती मूर्ख होते मी!

ऑक्टोबरात त्याने कागदाची पुडी माझ्यापुढे ठेवली. "उघड ना, टॅमसिन."

ओहोटीचीच होती. पण गुलाबी, झगझगीत... दुसऱ्या बाजूच्या राजाचे केससुद्धा गुळगुळीत झालेले.

"तू... घासलीस?"

"दोन दिवस! घड्याळाच्या पितळेचं पॉलिश लावून. तुला द्यायची, तर चकचकीत नको?"

"जुनं नाणं कुणी घासतं का, सायलस? शंभर वर्षांचा रंग गेला. मेली ती! आता दहावा हिस्साही कुणी देणार नाही."

तो नाण्याकडे बघत राहिला. "विकायला नव्हती गं आणली..."

तेवढ्यात एका गिऱ्हाईकाने हाक मारली. "एक मिनिट हं," मी सायलसला म्हटलं आणि वळले. परत बघितलं तेव्हा टेबलावर पेनी होती, अर्धा चहा होता. तो नव्हता.

पुढच्या शनिवारी मिसेस ऑलरेनशॉ म्हणाल्या, "स्कॉटलंडला गेला, नव्या कामावर. जाऊ की नको, हे तुला विचारूनच ठरवणार होता. विचारलं नाही का त्याने?"

त्यांच्याकडून पत्ता घेतला. चार पत्रं लिहिली. 'चुकले, परत ये' एवढंच लिहायचं होतं. प्रत्येक वेळी तांब्यावरचा थर आणि पॉलिश यांवर पानभर लिहून बसले. सगळी फाडली.

तीन वर्षं झाली. ती पेनी मी मुद्दाम उघड्या हवेत ठेवते. तांबं हळूहळू पुन्हा तपकिरी होतं. ओरखडे मात्र तसेच राहतात.

परवा एका म्हाताऱ्या संग्राहकाने ती उजेडात तिरकी धरली. "ओहोटीची! पण घासलीय हो कुणीतरी... अरेरे. कितीला देणार?"

"विकायची नाही ती," मी म्हटलं.

माझं टेबल अजून हलत नाही.