चौथा ठिपका

गंगाधररावांनी अडतीस वर्षं जमिनी मोजल्या. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरात कपाट जरी सरकवायचं झालं तरी आधी टेप निघायचा. म्हणून गुदाशयाचा कॅन्सर असल्याचं कळलं तेव्हाही त्यांनी सर्जन डॉ. चित्रांना पहिला प्रश्न मापाचाच विचारला.

"गाठ केवढी आहे?"

"साडेचार सेंटिमीटर," डॉक्टर म्हणाल्या. "लगेच ऑपरेशन नको. आधी अठ्ठावीस दिवस रेडिएशन, सोबत गोळ्या. गाठ आक्रसली की मग काढायची."

नव्या रायपुरातल्या हॉस्पिटलात पहिल्या दिवशी चिराग नावाच्या तंत्रज्ञानं सुईनं त्यांच्या अंगावर शाईचे तीन ठिपके टोचले. दोन्ही कुल्ह्यांवर एकेक आणि बेंबीखाली एक. रोज लाल किरणांच्या रेषा या तीन ठिपक्यांवर जुळवायच्या, म्हणजे शरीर रोज नेमकं त्याच जागी येतं. गंगाधररावांना हे फार पटलं. तीन खुंट्या पक्क्या असल्या की शेत कुठं जात नाही.

घरी रमाबाईंनी ते ठिपके पाहिले. "या वयात गोदना करून आले म्हणा की," त्या म्हणाल्या आणि हसल्या. त्या महिन्यात घरात पहिल्यांदाच कुणी हसलं होतं.

मग रोजचं ठरून गेलं. सकाळी गोळ्या, ठरवलेली टॅक्सी, रिकामे रुंद रस्ते. पोहोचल्यावर पोट तुडुंब होईपर्यंत पाणी प्यायचं. गार खोलीतल्या टणक फळीवर झोपायचं. "हिलना मत, अंकल," म्हणून चिराग बाहेर जायचा आणि हातभर जाडीचं दार सावकाश बंद व्हायचं. मशीन गुणगुणत त्यांच्याभोवती फिरायचं. दुखत काहीच नसे. दुखणं नंतर, संडासात बसल्यावर. तिथे ते दात आवळून भिंतीवरच्या फरश्या मोजत.

नवव्या दिवशी अंघोळीनंतर रमाबाई मलम लावायला बसल्या आणि थांबल्या.

"हा चवथा कधी केला?"

डाव्या जांघेच्या वर, चार बोटांवर, तसाच काळा ठिपका होता. गंगाधररावांनी पोलादी पट्टी मागवली. बेंबीपासून साडेनऊ सेंटिमीटर.

त्या दिवशी चिरागनं स्पिरिटच्या बोळ्यानं तो घासून पाहिला. निघाला नाही. त्यानं कागद काढला, पहिल्या दिवशीचा फोटो पाहिला.

"अंकल, ये हमारा नहीं है. हमारे तीन ही हैं."

रेडिएशनच्या डॉक्टरांनी वाकून पाहिलं आणि तीळ असेल म्हणाले. परतताना टॅक्सीत रमाबाई हळूच म्हणाल्या, "पस्तीस वर्षांत मी त नाही पाहिला हा तीळ."

गंगाधरराव रोज सकाळी मोजत राहिले. माप हललं नाही. चौदाव्या दिवशी पट्टी टेकवताना बोटाखालची कातडी जरा ओढली गेली, आणि त्यांचा हात तसाच राहिला.

कातडी सरकली होती. ठिपका सरकला नव्हता.

त्यांनी परत ओढून पाहिली. वर, खाली, बाजूला. कातडी त्याच्यावरून फिरत होती आणि तो खाली आपल्या जागी होता, विहिरीतल्या पाण्याखाली एखादा खडा दिसावा तसा.

"काय पाहून राहिले इतकं?" रमाबाईंनी दारातून विचारलं.

"काही नाही."

त्यानंतर तो फिका पडत गेला. काळ्याचा निळा झाला, निळ्याचा राखाडी. अठ्ठाविसाव्या दिवशी तिथे नुसती कातडी होती.

"गेला एकदाचा," रमाबाई म्हणाल्या.

"कुठं?" गंगाधररावांनी विचारलं.

रमाबाईंनी मलमाचं झाकण लावलं आणि त्या उठून गेल्या.

दोन महिने थांबून परत एमआरआय झाला. गाठ सेंटिमीटरभर उरली होती, बाकी कुठे काही नव्हतं. डॉ. चित्रांनी पोट उघडून ऑपरेशन केलं. पाच तास लागले. गंगाधरराव शुद्धीवर आले तेव्हा पोटाला शौचाची पिशवी लावलेली होती. सहा महिन्यांनी ती काढता येईल, असं आधीच सांगितलं होतं. रमाबाई चार दिवसांत ती बदलायला शिकल्या.

तीन आठवड्यांनी दोघं रिपोर्ट घ्यायला गेले. उन्हं तिरपी होऊन टेबलावर आली होती. डॉ. चित्रांनी कागद पुढे सरकवला, पण हात त्यावरून काढला नाही.

"एक सांगा काका. आधी दुर्बिणीनं तपासणी केली तेव्हा कुणी आतून शाईची खूण केली होती?"

"नाही. काहून?"

"डावीकडे, कमरेच्या हाडाच्या भिंतीलगत, काळा ठिपका होता. एमआरआयमध्ये तिथे काहीच नव्हतं. ठिपका दिसला म्हणून मी तेवढा भाग काढून पाठवला." त्यांनी कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. "त्यात वाटाण्याएवढी गाठ निघाली. कॅन्सरची. ठिपका नसता तर ती आतच राहिली असती."

रमाबाईंनी डोळे मिटून हात जोडले.

गंगाधरराव डॉक्टरांकडे पाहत होते.

"तो एकच होता?"

डॉ. चित्रांनी कागदावरचं बोट उचललं.

"लिव्हरवर एक होता," त्या म्हणाल्या. "तिथलाही तुकडा तपासला. काही निघालं नाही. अगदी स्वच्छ."

"मग?"

"भिंतीलगतचा ठिपका जुना वाटत होता, फिका. हा दुसरा..." त्यांनी आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे पाहिलं. "हा ओला होता, काका, आत्ताच टोचल्यासारखा. माझ्या हातमोज्याला शाई लागली."