दुधाविना

संगमनेरच्या अलीकडे, प्रवरेच्या कालव्याला लागून शेतकी संशोधन केंद्राचं जाळीघर होतं. आत शिरण्याआधी दारातल्या तामचिनीच्या वाडग्यात हात बुडवायचे. वाडग्यात दूध असे. तंबाखू मळणाऱ्याच्या बोटांवर तिच्या रोगाचा विषाणू चिकटून राहतो आणि दुधाने तो लुळा पडतो, हे भागिरथीला तिच्या वडिलांनी, अण्णांनी, लहानपणीच सांगितलं होतं.

"औंदा लोकान्ला च्यात घालाया दूध न्हाई, आन् आमी हात धुतोय," कानिफनाथ म्हणाला. वीस वर्षं तो अण्णांच्या हाताखाली मजूर होता. "म्हशीला कळलं तर लाथ घालंल, ताई."

भागिरथी हसली. अण्णांना जाऊन महिना झाला होता; एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच हसली.

त्र्याहत्तरच्या दुष्काळातला जानेवारी होता. नगरच्या कॉलेजातल्या ग्रंथालयातून चार दिवसांची रजा टाकून ती अण्णांचं सामान न्यायला आली होती. चष्मा, कोट, टिपणवह्या एका ट्रंकेत मावल्या. राहिली ती कोपऱ्यातली तंबाखूची बारा झाडं. ती अण्णांनी शेवटी लावलेली. रोगट रोपं जाळायची असा केंद्राचा नियम, आणि शनिवारी ती जाळायची असं ठरलं होतं. अण्णांच्या हातचं जिवंत असं दुसरं काही जगात उरलं नव्हतं.

विषाणूवर अण्णांचा फार जीव. तो पेशीत शिरतो, आपला निरोप तिच्या गळी उतरवतो. मग त्याच्याच गाठोड्यात आपलाही एक निरोप बांधून दिला तर? जर्मनीत दोन लहान बहिणींना सशाचा विषाणू टोचलाय, त्यांच्या रक्तात जे उपजतच नाही ते तो नेऊन देईल अशा आशेने, हे त्यांनी तिला पत्रातून कळवलं होतं. 'रोग पेरायचा नाही, भागू. रोगाच्या हातून औषध पोचवायचं.'

वहीत बारा झाडांचं पान होतं. तारीख होती, पान खरचटवायच्या कुरुंदाच्या पुडीचं वजन होतं. विषाणूला काय जोडलं, तो रकाना कोरा होता.

गुरुवारी सकाळी जाळीघरात सगळ्या पानांवर दव होतं. त्या बारा झाडांवर नव्हतं.

"वारं लागत असेल," ती म्हणाली.

"जाळीत कुटलं वारं?" कानिफनाथ दारातूनच म्हणाला. "हात लावून बगा. ऊन लागत्यात."

तिने पान तळव्यावर घेतलं. थंडीने तिची बोटं आखडली होती; पान कोमट होतं. तिने कपाटातला थर्मामीटर आणून पानाच्या घडीत धरला. मग दुसऱ्या झाडाला लावला, मग मातीला. माती एकसष्ट फॅरनहाइटवर होती. बाराही झाडं अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.

तिने आकडे वहीत लिहिले.

"कानिफनाथ, ही झाडं लावताना तुम्ही होतात?"

त्याने वाडग्याकडे बोट केलं. "हुतो. सायेबांना ताप भरल्याला. दूध त्यांनी माज्या नातीला धाडलं, तिची आई आटली हुती. म्हनले, आज हात तसाच चालंल. पानावर पूड टाकून बोटानं चोळायचं असतं ना, पान खरचटाया. तर त्यांच्या बोटाचीबी साल निगाली. रगत आलं. मी म्हनलं, सायेब, ऱ्हाऊ द्या. आयकतात व्हय!"

शुक्रवारभर तिने अण्णांच्याच रीतीने नव्या रोपांवर त्या बारा झाडांच्या पानांचा रस चोळला. संध्याकाळपर्यंत रोपं गारच राहिली. सकाळी त्यांच्यावर दव होतं.

शनिवारी बाहेर पाचटाचा ढीग रचला गेला. कानिफनाथ रॉकेल आणायला गेला.

भागिरथीने एक पान खलात घोटलं. डाव्या मनगटावर चिमूटभर पूड टाकली. रसात बोट बुडवून हलक्या हाताने चोळलं, पान चोळावं तसं. कातडी लाल झाली, चुरचुरली. मग पाण्याने धुतलं.

दुधाला तिने हात लावला नाही.

झाडं हिरवीच होती, तरी पटकन पेटली.

एसटीत ती सारखी मनगट चाचपत होती. काही नव्हतं. तिचंच मनगट, तिचीच कातडी, गारठलेली. इतकं शिकून आपण हे काय करून बसलो, असं वाटून तिने पदर डोळ्यांना लावला. त्या झाडांत अण्णांचं काही उरलंय का, ते एकदा तरी कळायला हवं होतं. एकदाच.

नगरला, सावेडीच्या घरी आई खिडकीशी बसली होती. मोतीबिंदूने तिला दोन वर्षांपासून दिसत नव्हतं, आणि अण्णा गेल्यापासून ती बोलतही नव्हती. भागिरथीने काही न बोलता पाण्याचा पेला तिच्या हातात दिला.

पेला घेताना आईची बोटं तिच्या डाव्या मनगटावर आली आणि तिथेच थांबली.

आईने पेला खाली ठेवला. डोक्यावरून पदर घेतला.

"आलात?" ती म्हणाली. "किती उशीर केलात."

आईने दाराच्या दिशेने कान दिला. जरा वेळ वाट पाहिली.

"आणि भागू कुठाय? तिला एकटीलाच तिकडं ठेवून आलात?"