दादाची नवी भूमिका

सोमवारी करोल बागेतला बाजार बंद असतो, म्हणून मी घरी होतो. तिथे गाड्यांच्या सीट कव्हरच्या दुकानात मी काम करतो. आमच्या मयूर विहारमध्ये थंडी वाढली होती. ऑफिसला जाताना आई म्हणाली, दादाच्या खोलीतला हीटर बाहेर काढून ठेव. दादा गेल्यापासून त्या खोलीत कुणी पाऊल ठेवलं नव्हतं. पण आईला नाही कसं म्हणणार?

माझा दादा, समर्थ, सिनेमात काम करायचा. हीरो नव्हता. हवालदार, हीरोचा मित्र, इंटरव्हलच्या आधी मरणारा माणूस. दिवाळीनंतर शूटिंगवरून येताना हायवेवर धुक्यात गाडी ठोकली आणि तो खरंच गेला. चेहरा मला कुणी बघू दिला नाही. नवी भूमिका मिळाली की तो घरातही तीच जगायचा. मुका असेल तर जेवतानासुद्धा खुणा. मी वैतागायचो, यार, मीठ हवंय की मिरची, तोंडाने सांग ना.

हीटरची वायर गुंडाळत होतो, तेव्हा मागे आवाज आला. एक पाय नीट पडायचा, दुसरा फरशीवर घासत यायचा... वळलो. कुणीच नाही. फक्त नकली मिशी चिकटवायच्या डिंकाचा वास.

मी पळालो. जिन्यात बसून मोबाइल उघडला, हातांना काहीतरी चाळा हवा होता. हेमांगीताईच्या पेजवर नवं पोस्टर आलं होतं. ती लातूरची, यूपीएससीची तयारी करते, करोल बागेत पीजीत राहते आणि दादाची फॅन आहे. नसलेल्या सिनेमांची पोस्टर बनवते आणि प्रत्येकात दादाला हीरो करते. तो गेल्यावरही थांबली नाही. त्या दिवशी तिने त्याला लंगडा पोस्टमन केलं होतं.

मग तिने त्याला आंधळा तबलजी केलं. त्या संध्याकाळी खोलीच्या भिंतीवरून बोटं चाचपडत गेली... सावकाश... आणि कपाटाच्या दारावर ठेका सुरू झाला.

तेव्हा मला कळलं. ती भूमिका देते आणि तो कामावर येतो.

दुसऱ्या कुणी तिला पेज बंद करायला सांगितलं असतं. मी तिच्या पीजीखाली जाऊन उभा राहिलो. आवाजांचं काहीच बोललो नाही. ती बोलेल, हसेल, नाही म्हणेल, याचाही विचार केला नव्हता.

"त्याला मोठ्या भावाचं काम द्या, ताई."

"कथा काय?"

"घरी येतो. धाकट्याशी बोलतो. बस."

"याला तिकीट कोण काढणार, केतन?" ती हसली. मग माझा चेहरा बघून रात्री टाकते म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो नाही. दिवसभर धुकं हललं नाही, खिडकीबाहेरचं झाडसुद्धा दिसत नव्हतं. दुपारी लाइट गेली. मी दादाच्या पलंगावर बसून होतो. त्याचा आवाज एकदा ऐकायचा होता मला. लंगडा नको, आंधळा नको, माझा दादा हवा होता.

पावलं आली. दोन्ही नीट पडणारी. दाराशी थांबली.

"नंदू..."

आवाज हुबेहूब त्याचा. नंदू कोण? सिनेमातल्या धाकट्याचं नाव ठेवलं असेल हेमांगीताईने. असू दे. माझ्या नावाने नाही तर नाही.

"नंदू... आत येऊ?"

"ये ना, दादा," मी म्हणालो.

पलंगाची माझ्या शेजारची बाजू खाली दबली. गार हवा आली. डिंकाचा वास मात्र नव्हता. ओल्या मातीचा होता. मी रडत होतो आणि त्याला सगळं सांगत होतो, आई कशी जेवत नाही, मला झोप कशी लागत नाही. तो फक्त ऐकत होता.

मोबाइल वाजला. हेमांगीताई.

"सॉरी हं केतन, काल टेस्ट होती, पोस्टर राहूनच गेलं. आता बसलेय करायला. धाकट्याचं नाव काय ठेवू?"

शेजारची गादी आणखी थोडी माझ्या बाजूला सरकत दबली.