गोल सुळ्याचं डुक्कर मारुमपार

डुक्कर जिवंत आणि सुळा अखंड, अशा स्थितीत पश्चिम किनाऱ्यावर पोचवायचं होतं. काम एवढंच. माझा मेव्हणा बुले तिकडे मानाची पायरी चढणार होता, आणि गोल सुळ्याचं डुक्कर दिल्याशिवाय त्या पायरीवर कुणाचं पाऊल पडत नाही. सासूबाईंनी ते सात वर्षं वाढवलेलं. वरचे दात लहानपणीच काढले होते, त्यामुळे खालचा सुळा वळत वळत पुरतं कडं झाला होता. चावता येत नाही म्हणून अळूचे कंद स्वतः चावून त्या त्याला भरवायच्या. मला एवढं कधी भरवलं नाही, असं बुले उघड बोलायचा.

समुद्र खवळलेला, होडी घालायची सोय नव्हती. वाट एकच उरली. अंब्रिम बेटाच्या पोटातून, राखेच्या मैदानावरून, मारुम ज्वालामुखीच्या धगधगत्या तोंडाशेजारून!

सासूबाई डुकराबरोबर येणारच होत्या, त्यामुळे वाटेपेक्षा अवघड होती ती रीत. आमच्याकडे जावई सासूचं नाव घेत नाही. (मी आजही घेणार नाही, मागू नका.) तिच्याशी थेट बोलत नाही, तिला शिवत नाही, तिच्या डोक्यापेक्षा उंच जागी उभा राहत नाही. म्हणून निरोप पोचवायला तिचा पुतण्या वोरवोर बरोबर घेतला होता. पण पहिल्याच चढाला वडाच्या मुळात पाय अडकून त्याचा घोटा नारळाएवढा सुजला.

"मी मागं फिरतो," तो म्हणाला.

"मग आम्ही बोलायचं कसं?"

"डुक्कर आहे की. तुझ्यापेक्षा समजूतदार आहे."

सासूबाईंनी थोडा विचार केला आणि डुकराच्या कानाशी वाकल्या. "बाळा, त्या मागच्या माणसाला सांग, ओझं उचल म्हणावं. ऊन चढलं."

मी डुकराला म्हणालो, "आजींना सांग, उचललं."

डुक्कर काही बोललं नाही. मध्यस्थ असावा तर असा.

निघालो. डुकराचा दोर सासूबाईंच्या कमरेला. चढावर मी मागे, उतारावर मी पुढे, कारण उतारावर मागे राहिलं की मी त्यांच्या डोक्यावर! दिवसभर आम्ही जागा बदलत राहिलो. झाडाएवढी नेची, त्यांच्या खोडांवर पांढरी फुलं, रानवेताची कुंपणासारखी दाटी, दगडातून वाफ सोडणारा कढत झरा. आणि मग एकाएकी झाडं संपली, पक्षी संपले, आणि समोर काळं मैदान पसरलं. पायाखाली राखेचा पापुद्रा कुरकुरत होता. पुढे मारुम घोरत होता. ढग खालून तांबडे झाले होते.

"बाळा, मागच्या माणसाला सांग, इथं रेंगाळू नको म्हणावं."

"आजींना सांग, रेंगाळतोय तो तूच."

उतार लागला, मी पुढे झालो. तेवढ्यात वारा फिरला. गंधकाचा लोट आला. डोळे जळले. हात पुढे केला तर हात दिसेना. आणि पाठीमागे पापुद्रा फुटल्याचा आवाज झाला. कर्रर्र! मग डुकराची किंकाळी.

मी धावत वर गेलो. पावसानं कापलेली खोल घळ होती. वरची कड फुटून सासूबाई आत गेल्या होत्या आणि दोरावर लोंबकळत होत्या. दोराचं एक टोक त्यांच्या कमरेला, दुसरं डुकराच्या छातीला. डुकरानं चारही पाय राखेत रोवले होते, तरी ते सरकत होतं. खाली घळीचा उतार थेट मारुमच्या तोंडात उतरत होता. लाल. नुसतं लाल!

मी आडवा पडलो. आडवा पडलो तरी त्यांच्या डोक्यापेक्षा वरच, पण आता काय करता! हात खाली सोडला. त्यांचं मनगट वीतभर अंतरावर होतं.

त्यांनी मनगट मागे घेतलं.

"बाळा," खालून आवाज आला, अगदी शांत. "त्याला सांग, हात आवर म्हणावं. लेकाच्या मानाच्या दिवशी जावयाचा हात धरून वर आलेली आई म्हणून मी तिथं जाणार नाही."

"आजींना सांग, तिथं जायला आधी जिवंत लागतं."

"सांगितलं ते ऐक म्हणावं."

मी दोर धरला आणि ओढला. कड ढासळली. पुन्हा ओढला, पुन्हा ढासळली. एकट्याच्या ताकदीचं काम नव्हतं. डुकरानं जोर लावला असता तर निभलं असतं, पण त्याचं तोंड घळीकडे! आई खाली आहे, तर त्याला खालीच जायचं होतं. एक पाऊल सरकलं. दुसरं.

"आजींना सांग," मी ओरडलो, "तुला हाकला म्हणावं! दूर हाकला!"

सात वर्षांत त्यांनी त्या जनावराला साधं 'हुश' केलं नव्हतं. मग घळीतून जे शिव्याशाप उसळले, ते मी या वयातही सांगू शकत नाही. आळशी, खादाड, कुणाच्याही जिवावर जगणारा मेला! निम्मे कुणासाठी होते याची मला शंका आहे. डुकराचे कान पडले. त्यानं एकदा खाली पाहिलं, तोंड फिरवलं आणि पळालं. कसं पळालं! मी दोराला लोंबकळत त्याच्या मागे. सासूबाई घळीतून मासा गळाला यावा तशा उडून बाहेर आल्या आणि राखेवरून घसरत निघाल्या.

डुक्कर थेट लाव्हाच्या खडकावर आदळलं.

खट्!

सुळ्याचा अर्धा तुकडा राखेत पडला होता. सासूबाई उठल्या, राख झटकली, तुकडा उचलला. कमरेला खोचला आणि वाट धरली.

पश्चिम किनाऱ्यावरच्या नाचाच्या अंगणात माणसापेक्षा उंच, डोळे कोरलेले ढोल वाजत होते. बुले अंगाला रंग लावून उभा होता. पायरी देणारा गावचा म्होरक्या, म्हातारा तैनमाल, पुढे आला. त्यानं डुकराचा जबडा उघडून पाहिला आणि मान हलवली. ढोल थांबले. मी झालं ते सांगितलं.

बुलेचा चेहरा उतरला, मग तापला. "दाजी, हात धरून ओढायचं होतं तिला. सुळा तरी वाचला असता."

सासूबाई जमिनीकडे पाहत होत्या.

"बस खाली, पोरा," तैनमाल म्हणाला. "डुक्कर सुळ्यासकट आलं असतं, तरी आईच्या तोंडावर असं बोलणाऱ्याला मी पायरी दिली नसती. दुसरं डुक्कर वाढेल. तूही वाढ." मग तो बायकांकडे वळला. "आग पेटवा. हे आता नुसतं मांस आहे."

सासूबाई पुढे आल्या आणि डुक्कर आणि चूल यांच्या मधे उभ्या राहिल्या.

"याला हात लावायचा नाही," त्या तैनमालला म्हणाल्या. "हे गेलं तर माझ्या जावयाशी मी बोलू कुणामार्फत?"

लोक हसले. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेनं आम्ही तिघं परत निघालो.