वळणावरचा खांब

शटर अर्धं ओढ रे. पूर्ण नको, जरा वारा येऊ दे. आणि तो मोबाइल खिशात घाल, नाहीतर मी सरळ झोपायला जातो.

तुमच्या सायकली तपासून झाल्या. ब्रेक ठीक, हवा ठीक. उद्या तुम्ही पहिल्यांदाच आमच्याबरोबर खडीच्या वाटेने येणार, तेव्हा एक गोष्ट आजच कानावर घालतो. ती सायकलची नाही, तुमच्या जिभेची आहे.

डांबरी रस्ता सोडला की फाटेच फाटे. कालव्याकडे एक, खाणीकडे एक, शेतात जाऊन संपणारे दहा. पुढचे लांब जातात, मागचे दमून रेंगाळतात, मग चुकामूक. म्हणून प्रत्येक फाट्यावर आपला एकजण थांबतो, एक पाय जमिनीवर टेकून आणि हात लांब करून. त्याला आम्ही खांब म्हणतो. सगळ्यांत शेवटी येतो तो शेपूट. शेपूट येऊन "मी शेवटचा, चल" म्हणेपर्यंत खांबाने हलायचं नाही. पाऊस येवो, भूक लागो. तो येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, "मागे कोणी आहे?" आणि आपण काय करतो? मान न वळवता "आहेत, आहेत" म्हणतो आणि सुटतो. उद्या हे कोणी केलं, तर त्याने या दुकानात परत पाय ठेवायचा नाही.

हसू नका. चष्मेवाल्याला तुम्ही ओळखता. चौकातला. तुमच्यापैकी निम्म्यांच्या डोळ्यांचा नंबर त्यानेच काढलाय. भुताचं नाव काढलं तर "आधी डोळे तपासून घ्या" म्हणणारा माणूस. त्याने मला हे सांगितलं तेव्हा तो त्याच स्टुलावर बसला होता. हो, तू बसलायस त्याच. बस, बस, उठू नकोस.

नऊ वर्षं झाली. नोव्हेंबरातला दुसरा शनिवार, आणि चंद्र पहाटेशिवाय उगवणार नव्हता. रविवारी सगळा ग्रुप नव्या वाटेने निघायचा होता. नवी वाट असली की आदल्या दिवशी जाऊन फाट्याफाट्यावर फक्कीचे बाण मारावे लागतात. मैदानावर आखतात ना, तीच पांढरी फक्की. बाटलीत भरायची, झाकणाला भोक पाडायचं, आणि जायचं असेल त्या दिशेला टोक काढायचं. हे काम त्या वेळी चष्मेवाल्याकडे होतं. दुकानात गिऱ्हाईक हटेना, निघायलाच अंधार पडला.

बायको म्हणाली, "पहाटे उठून मार ना बाण. पोरीचा ताप आत्ता कुठे उतरलाय, तुझ्याशिवाय ती झोपायची नाही."

"अर्ध्या तासाचं काम. आलोच."

मुलगी सात वर्षांची. पलंगावरून ओरडली, "बाबा, मी जागी राहणार हं!"

"राहा. मी आल्यावर गोष्ट."

एवढ्याच घाईत तो निघाला. कालव्याच्या कडेने पंपघर, मग कोंबड्यांच्या शेडी, मग खाणीमागचा चढ. प्रत्येक फाट्यावर उतरायचा, बाण काढायचा, पुढे व्हायचा. दिवा चांगला होता, वाट पायाखालची होती. चाकाखाली खडी करकरत होती आणि डोक्यात गोष्ट कुठली सांगायची एवढाच विचार. शेवटचा एक फाटा राहिला होता. त्यानंतर उतार आणि घर.

त्या फाट्यावर कोणीतरी उभं होतं.

सायकलवर. एक पाय जमिनीवर, डावा हात लांब केलेला.

चष्मेवाल्याला वाटलं, आपल्यातलाच कोणी मदतीला आलाय. त्याला बरंच वाटलं. तो वेग न कमी करता जवळून गेला. तो माणूस म्हणाला,

"मागे कोणी आहे?"

आणि हा सवयीने बोलून गेला, "आहेत, आहेत!"

हात होता तिकडे, डावीकडे वळला. उतार लागायला हवा होता. लागला कालवा. मग पंपघर. मग कोंबड्यांच्या शेडी. त्याला वाटलं, बोलण्याच्या नादात चुकलो. स्वतःला दोन शिव्या दिल्या आणि चढ चढला.

फाट्यावर तो उभाच होता.

या वेळी चष्मेवाल्याने नीट पाहिलं. पाहणं हा त्याचा धंदाच. त्या माणसाच्या अंगावर रात्री घालतात तसलं चमकपट्टीचं जाकीट होतं. दिव्याचा झोत सरळ पट्टीवर पडला होता.

पट्टी चमकली नाही.

"मागे कोणी आहे?"

तरी तोंडातून शब्द निघाले तेच. "आहेत..." दुसरं सुचलंच नाही. या वेळी तो मुद्दाम उजवीकडे वळला. जोरात मारली सायकल, मांड्या भरून येईपर्यंत.

कालवा. पंपघर. शेडी.

त्याने मोबाइल काढला. नकाशा उघडला. नकाशावरचा ठिपका त्या फाट्यावरच होता. हा शेडींपाशी उभा, आणि ठिपका फाट्यावर. घरी फोन लावला. रिंग वाजत राहिली, कोणी उचलला नाही. शेडीतल्या कोंबड्या एरवी कुत्रं फिरकलं तरी कलकलाट करतात. त्या गप्प होत्या. परत फिरावं म्हणून त्याने सायकल उलटी वळवली आणि आल्या वाटेने निघाला. पंपघर पुन्हा यायला हवं होतं.

समोर चढ आला.

हे सांगताना तो माझ्यासमोर रडला, पोरांनो. दोन हातांनी तोंड झाकून रडला. म्हणाला, मरणाची भीती नाही वाटली. पोरगी जागी बसली असेल आणि आपण असेच फिरत राहू, ती मोठी होईल, आपण इथेच... त्याची वाटली.

तिसऱ्यांदा तो फाट्यावर थांबला. थांबावंच लागलं. पायात जीव नव्हता. बाण काढायला म्हणून हातात धरलेली फक्कीची बाटली तिथेच खाली पडली. दिव्याचा उजेड त्या माणसाच्या चाकावर गेला.

आऱ्यांतून गवत वर आलेलं होतं. चाकात वेल गुंतलेली. टेकलेल्या पायाच्या बुटावर माती चढली होती, घोट्यापर्यंत.

हात तसाच. लांब.

तेव्हा त्याला कळलं. हा खांब आहे. याचं शेपूट आलंच नाही. आणि जो येतो तो याला सांगतो... आहेत, आहेत.

"मागे कोणी आहे?"

चष्मेवाला मागे वळला. नीट पाहिलं. काळोख. मग म्हणाला,

"नाही. मागे कोणी नाही. मी शेवटचा. चल."



मग हात खाली आला. हळूहळू. मातीतून बूट निघाल्याचा आवाज झाला.

चष्मेवाला निघाला. या वेळी उतार लागला. पण मागून... दुसऱ्या सायकलच्या फ्रीव्हीलची टकटक, पेडल थांबवलं की मागचं चाक करतं ती. तो थांबला की ती थांबे. तो निघाला की ती निघे. बरोबरच होतं म्हणा. सुटलेला खांब शेपटाबरोबरच घरी येतो, हा आपलाच नियम.

त्याने वळून पाहिलं नाही. गाव आलं. दिवे आले. टकटक होतीच. फाटकातून आत. फाटकाला कुलूप. दार. कडी. दाराला पाठ लावून उभा राहिला.

टकटक थांबली होती.

घड्याळात पाहिलं, तर घरातून निघाल्याला खरंच अर्धाच तास झाला होता. बायको म्हणाली, फोन वाजलाच नाही. तो पोरीच्या खोलीत गेला. ती खिडकीत बसली होती, गजांना धरून.

"बाबा, ते काका आत का नाही आले?"

"कोण काका?"

"तुझ्यामागून आले ते. फाटकापाशी थांबले होते. मला विचारत होते."

"काय... काय विचारत होते?"

"मागे अजून कोणी आहे का."

त्याने तिचे हात गजांवरून सोडवले.

"मी म्हटलं, मी आहे ना."

...

पाणी दे रे जरा.

तो खांब कोण, कुठल्या ग्रुपचा, कधी राहिला, मला माहीत नाही. लोक दहा गोष्टी सांगतात. मला जे माहीत नाही ते मी सांगत नाही. चष्मेवाल्याने दुसऱ्या दिवशी सायकल विकली, ती मीच घेतली. ती बघा, वर टांगलेली.

पोरगी आता सोळा वर्षांची आहे. परवाच इथे आली होती. म्हणाली, "काका, मला खडीची सायकल हवी. बाबा नाहीच म्हणतात, तुम्ही सांगा ना त्यांना." मी म्हटलं, तुझ्या मापाची नाही. चार महिने हेच सांगतोय. तिच्या मापाच्या तीन मागे उभ्या आहेत. तुम्ही मला खडूस म्हणता ना, म्हणा.

एक सांगायचं राहिलं. त्या रविवारी सकाळी आम्ही फाट्यावर गेलो तेव्हा फक्कीची बाटली तिथे नव्हती. परत येताना मी चष्मेवाल्याकडे गेलो. फाटकाला रात्रीचं कुलूप तसंच होतं. तो अंगणात बादली घेऊन उभा होता, पाणी ओतायचा धीर होत नव्हता. फरशीवर पांढऱ्या फक्कीचा एक बाण होता, आपण काढतो तसाच, सरळ आणि ठसठशीत. सुरुवात पोरीच्या खिडकीच्या बरोबर खाली होती. टोक फाटकाकडे, बाहेर, रस्त्याला.